बेल्टचे वय किलोमीटरमध्ये मोजता येत नाही

पंधरा-वीस वर्षांच्या मोटारीचा टायमिंग बेल्ट कधी बदलायचा, या प्रश्नाला सोलापुरात एक ठरलेले उत्तर मिळते : लाख किलोमीटर झाले की. त्याला जोडून आणखी तीन वाक्ये येतात. गाडी फारशी चालत नाही, तेव्हा घाई नाही. झाकण उघडून पाहिले, बेल्ट चांगला आहे. आणि समजा तुटलाच, तर नवा टाकता येतो. बेल्टची किंमत ती किती. ही वाक्ये मोटारमालक बोलतात, जुन्या गाड्यांचे दलाल बोलतात, आणि हात काळे करून वर्षे काढलेले काही मेकॅनिकही मनापासून बोलतात. त्यांत थोडेफार तथ्य आहे, म्हणूनच ती टिकून आहेत. परंतु जुन्या, कमी चालणाऱ्या आणि सोलापूरच्या उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला लावली की चारही चुकतात, आणि त्या चुकीची भरपाई इंजिनाचे हेड उतरवून करावी लागते.

मोटारीच्या इंजिनावर दोन जातींचे बेल्ट असतात. एक बाहेर दिसणारा. त्याला अजून सगळे फॅन बेल्ट म्हणतात, जरी मारुती ८०० पासून बहुतेक गाड्यांचा रेडिएटरचा पंखा विजेवर फिरतो. हा बेल्ट अल्टरनेटर फिरवतो, कित्येक गाड्यांत वॉटर पंप फिरवतो, आणि एसीचा कॉम्प्रेसर व पॉवर स्टिअरिंगचा पंप त्याच्यावर किंवा त्याच्या शेजारच्या दुसऱ्या बेल्टवर असतात. दुसरा बेल्ट प्लास्टिकच्या झाकणामागे असतो. त्याला आतून दाते असतात आणि तो क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टला देतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा बरोबर एक फेरा झाला पाहिजे. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो, आणि प्रत्येक वेळी तो पिस्टन वर येण्याआधी वाटेतून बाजूला झालेला असावा लागतो. हा मेळ राखणे एवढेच टायमिंग बेल्टचे काम.

सोलापूरला कॅमशाफ्ट नवा नाही. १९९२ साली सुरू झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या इथल्या कंपनीचे शाफ्ट देशी-परदेशी मोटार कंपन्यांच्या इंजिनांत बसतात. त्या शाफ्टवरच्या प्रत्येक उंचवट्याचा आकार घासून अचूक केलेला असतो. पण शाफ्ट कितीही अचूक असला तरी तो वेळेवर फिरवणारा बेल्टच असतो. कॅमच्या पुलीला ४० दाते असतील आणि बेल्ट त्यावर एकच दात सरकला, तर कॅम ९ अंशांनी आणि क्रँकच्या हिशेबात १८ अंशांनी चुकतो. गाडी ओढत नाही, पेट्रोल जास्त खाते, सुरू व्हायला त्रास देते. दाते आणखी सरकले किंवा बेल्ट तुटला, तर पुढचे नुकसान इंजिनाच्या आत होते.

दातेरी बेल्टची कल्पना मोटारीतून आलेली नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेत शिलाई मशीनची सुई आणि बॉबिन एका ठेक्यात चालावेत म्हणून तो आधी वापरात आला. मोठ्या संख्येने बनणाऱ्या मोटारीच्या कॅमशाफ्टसाठी तो पहिल्यांदा बसला १९६२ मध्ये, ग्लास १००४ या जर्मन गाडीत. भारतात त्या वेळी रस्त्यावर असलेल्या अँबॅसिडर आणि फियाट या दोन्ही गाड्यांच्या कॅमला साखळी होती, म्हणजे टायमिंग चेन. त्या गाड्यांवर हात बसलेल्या मेकॅनिकच्या पिढीला बेल्ट म्हणजे फॅन बेल्ट एवढेच ठाऊक होते, आणि फॅन बेल्टचा नियम सोपा होता : ढिला झाला की ताणा, चिरला की बदला, तुटला तर रस्त्यात दुसरा घाला. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि टायमिंग बेल्ट मध्यमवर्गीय घराच्या दारात उभा राहिला. पाठोपाठ ओम्नी, झेन, अल्टो, १९९८ नंतर सँट्रो आणि पिंपरीत बनलेली डिझेल इंडिका, मग क्वालिस, डिझेल इनोव्हा, डिझेल लोगन आणि डस्टर. बेल्ट बदलला, पण नियम जुनाच राहिला. आजचा गैरसमज मुख्यतः तिथून आलेला दिसतो.

आता लाख किलोमीटरचा आकडा. तो खोटा नाही. अनेक कंपन्यांच्या पुस्तिकांत तो किंवा त्याच्या आसपासचा आकडा छापलेला असतो; जुन्या इंजिनांना ६०,००० पासून, नंतरच्यांना लाख ते दीड लाखापर्यंत. पण पुस्तिकेतले वाक्य तिथे संपत नाही. बहुतेक ठिकाणी किलोमीटरच्या शेजारी महिने किंवा वर्षे दिलेली असतात आणि पुढे तीन शब्द असतात : जे आधी येईल. बोलण्यात आकडा उरला आणि हे तीन शब्द गळाले. वर्षाला २०,००० किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीला ते गळाले तरी फारसे बिघडत नाही, कारण तिचे लाख किलोमीटर पाच वर्षांतच भरतात. घरच्या जुन्या गाडीचे गणित वेगळे आहे. आठवडाभर दारात उभी, रविवारी बाजार, महिन्या-दीड महिन्याने तुळजापूर किंवा अक्कलकोट, आषाढी-कार्तिकीची गर्दी ओसरल्यावर पंढरपूर. वर्षाला ५,००० किलोमीटर धरले तर लाख भरायला २० वर्षे लागतील. २० वर्षे टिकणारा टायमिंग बेल्ट अशा गाड्यांसाठी कोणी बनवलेला नाही. म्हणजे ज्या मालकाला गाडी कमी चालते म्हणून निर्धास्त वाटते, त्याच्याच बाबतीत किलोमीटरचा आकडा सर्वांत निरुपयोगी ठरतो.

शिवाय किलोमीटर हे बेल्टच्या श्रमाचेही खरे माप नाही. बेल्ट रस्ता पाहत नाही, फेरे पाहतो. पुणे रस्त्यावर ताशी ६० च्या वेगाने जाताना इंजिन मिनिटाला साधारण २,४०० फेरे घेत असेल, तर एका किलोमीटरला २,४०० फेरे झाले. तीच गाडी नवी पेठ किंवा सात रस्त्याच्या गर्दीत ताशी २० ने, २,००० फेऱ्यांवर रखडत गेली, तर एका किलोमीटरला ६,००० फेरे होतात, म्हणजे अडीच पट. आणि एसी लावून कोणाची तरी वाट पाहत तासभर उभी राहिली, तर ८०० च्या गतीने ४८,००० फेरे होतात. महामार्गावरच्या २० किलोमीटरांइतके काम झालेले असते आणि मीटर जागचा हललेला नसतो. रोज अर्धा तास असे उभे राहणारी गाडी वर्षाला साडेतीन हजारांहून अधिक किलोमीटर मीटरबाहेर चालते. काही डिझेल टोयोटा गाड्यांत टायमिंग बेल्टसाठी डॅशबोर्डवर दिवा असतो आणि त्यावर मालकांचा फार भरवसा असतो. तो दिवाही फक्त किलोमीटर मोजून लागतो. त्याला बेल्ट दिसत नाही, त्याची वर्षेही कळत नाहीत.

उन्हाचा मुद्दा काढला की एक प्रतिप्रश्न येतो, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. इंजिनातले पाणी थर्मोस्टॅटमुळे ८०-९० अंशांवर राहते. मग बाहेर ३० अंश असोत की ४२, बेल्टला काय फरक पडतो? फरक असा, की थर्मोस्टॅट पाण्याचे तापमान सांभाळतो, बॉनेटखालच्या हवेचे नाही. ती हवा बाहेरच्या हवेवर चढत जाते, आणि बेल्ट त्या हवेतच असतो. गाडी बंद केल्यावर पाणी फिरायचे थांबते, समोरून येणारा वाराही थांबतो, आणि काही मिनिटे बॉनेटखालची उष्णता उलट वाढते. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४०-४२ च्या घरात असताना हे दिवसातून चार वेळा घडते. रबराच्या वार्धक्याचा एक ढोबळ हिशेब रसायनशास्त्रात मान्य आहे : तापमान १० अंशांनी वाढले की रबर जवळपास दुप्पट वेगाने म्हातारे होते. थंड हवेच्या देशात किंवा बंगळुरात ज्या बेल्टची सात-आठ वर्षे निर्धोक जातात, त्याच्याकडून इथे तेवढीच अपेक्षा धरणे म्हणजे हिशेबातला सर्वांत मोठा आकडा सोडून बेरीज करणे आहे. नुसत्या उभ्या गाडीत बेल्ट चालत्या गाडीइतका झिजत नाही, हे मान्य. पण तो एकाच जागी, क्रँकच्या लहानशा पुलीभोवती वाकलेल्या स्थितीत आठवडेच्या आठवडे पडून राहतो. तिथे त्याला बाक येतो, आणि रविवारी सकाळी स्टार्टर फिरला की पहिला झटका त्या बाकावरच बसतो.

त्यात धूळ. काळ्या मातीची भुकटी, उसाच्या हंगामात रस्त्यावर सांडणारा पाला आणि बगॅसचा चुरा बाहेरच्या बेल्टच्या खाचांत बसतो आणि पॉलिश कागदासारखा घासत राहतो. टायमिंग बेल्टला झाकणाचे संरक्षण असते, पण जुन्या गाडीत ते झाकण शाबूत असेलच असे नाही. एकदा काम झाले की दोन बोल्ट परत बसत नाहीत, खालचे अर्धे झाकण बाजूला राहते, रबरी पट्टी हरवते. मोटारकंपन्यांच्या पुस्तिकांत धूळ, उष्ण हवा, छोट्या फेऱ्या आणि बराच वेळ उभे इंजिन चालू ठेवणे यांना कठीण वापर म्हटलेले असते आणि त्यासाठी देखभालीचा वेगळा, कमी मुदतीचा तक्ता दिलेला असतो. सोलापुरातली जवळजवळ प्रत्येक गाडी त्या तक्त्यात बसते. मालक मात्र मुदत पाहतो ती नेहमीच्या तक्त्यात.

बेल्ट पाहिला, चांगला आहे, हे तिसरे वाक्य सर्वांत फसवे आहे, कारण ते तपासणी झाल्याचा विश्वास देते. टायमिंग बेल्टचा भार रबर उचलत नाही. तो उचलतात रबराच्या पोटात लांबीभर घातलेले काचतंतूंचे दोर. वर्षानुवर्षे वाकून-सरळ होऊन, उष्णतेने आणि आत शिरलेल्या ओलाव्याने ते दोर आतून तुटत जातात. पाठ काळी कुळकुळीत दिसते आणि पोट पोखरलेले असते. दाताच्या मुळाशी पडलेली बारीक चीर बेल्ट पुलीवर असताना दिसतच नाही. जुन्या निओप्रीन रबराच्या बेल्टला निदान वरून भेगा पडत, म्हणून त्या काळात डोळ्यांनी पाहून थोडा तरी अंदाज येई. अलीकडच्या टायमिंग बेल्टचे रबर आणि बाहेरच्या खाचदार बेल्टचे ईपीडीएम रबर असे लवकर भेगाळत नाही. ते झिजते, खाचा खोल आणि रुंद होतात, बेल्ट पुलीच्या तळाला टेकून घसरू लागतो. भेग नाही म्हणून बेल्ट ठीक, हा निकष आजच्या बेल्टला लागू नाही. पाहण्याचा उपयोग एकाच बाजूने होतो. तेल लागलेले, कडा उसवलेल्या, दात गेलेला असा बेल्ट दिसला तर त्याच दिवशी बदलावा. काही दिसले नाही, तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

बाहेरचा बेल्ट किंचाळू लागला की त्यावर साबण घासण्याची किंवा मेण लावण्याची पद्धत आहे. १८७७ मध्ये उभ्या राहिलेल्या जुन्या गिरणीपासून पट्ट्यावर चालणारी यंत्रे पाहिलेल्या गावात ती सहज रुजावी अशीच आहे. शाफ्टवरच्या चामडी पट्ट्याला घसरू नये म्हणून राळ लावत, आणि चामड्याला ती उपयोगी होती. रबरी बेल्टचा आवाज मात्र ढिलेपणाने, पुली वाकडी असल्याने किंवा बेअरिंग गेल्याने येतो. साबणाने आवाज दोन दिवस बंद होतो, आणि गाडी जी एकच सूचना देत होती तीही बंद होते.

राहिले चौथे वाक्य : तुटला तर नवा टाकू. फॅन बेल्टच्या बाबतीत हे अर्धवट खरे आहे, आणि तेही नशीब बरे असेल तर. वॉटर पंप त्या बेल्टवर असेल, तर मोहोळच्या अलीकडे भर दुपारी बेल्ट गेल्यावर इंजिन काही मिनिटांत तापते, आणि काटा न पाहता पाच किलोमीटर रेटले तर हेड गॅस्केट जाते. कित्येक जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला असतो. तिथे बेल्ट तुटला की एक-दोनदा ब्रेक दाबल्यावर पेडल दगडासारखे होते आणि गाडी थांबवायला सगळा जोर लावावा लागतो. तुळजापूरच्या घाटात उतरताना हे घडू शकते, आणि हा धोका पैशांत मोजण्याचा नाही. फाटलेल्या बाहेरच्या बेल्टची चिंधी क्रँक पुलीमागून टायमिंगच्या झाकणात ओढली जाऊन आतला बेल्टही सरकल्याची उदाहरणे मोटार दुरुस्तीच्या जगात अनेक आहेत.

टायमिंग बेल्ट तुटण्याची तर जातच वेगळी. कॅम जागच्या जागी थांबतो आणि काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात. क्रँक थांबत नाही. फ्लायव्हीलचा वेग आणि गिअरमध्ये असलेल्या गाडीची चाके त्याला फिरवत राहतात. पिस्टन वर येतो आणि उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. डिझेल इंजिनात हवा वीसेक पट दाबायची असल्याने पिस्टन वर आल्यावर हेडखाली जागा जवळपास उरतच नाही, म्हणून तिथे सुटका क्वचितच होते. व्हॉल्व्ह वाकतात, गाइड फुटतात, कधी पिस्टनला भोक पडते, कधी कॅमशाफ्टच मोडतो. हेड उतरवा, व्हॉल्व्ह बदला, हेडला फेसिंग करा, गॅस्केट घाला, आणि नवा बेल्ट शेवटी टाकायचाच असतो. जुन्या गाडीची बाजारातली किंमत आणि हे बिल यांची तुलना केली की पुष्कळ मालक गाडी भंगारात देतात. चालू स्थितीतली, आणखी पाच-सात वर्षे घराच्या कामी आली असती अशी गाडी एका वेळेवर न बदललेल्या बेल्टपायी मोडीत निघते, हे दुःख टाळता येण्यासारखे आहे.

विरोधी बाजूचे जे खरे आहे तेही मांडले पाहिजे. सगळ्या गाड्यांना टायमिंग बेल्ट नसतो. मारुतीच्या के-सिरीज पेट्रोल इंजिनांत आणि स्विफ्टच्या १.३ डिझेल इंजिनात साखळी आहे. तिथे टायमिंग बेल्ट बदलण्याचा सल्ला देणाऱ्याला ते इंजिन माहीत नाही. साखळीला वेळच्या वेळी चांगले तेल आणि तिच्या आवाजाकडे लक्ष एवढे पुरते. काही जुन्या पेट्रोल इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यामध्ये पुरेशी जागा असते आणि बेल्ट तुटला तरी गाडी फक्त बंद पडते. आपले इंजिन कोणते, हे त्याच्या पुस्तिकेवरून किंवा इंजिन क्रमांकावरून ठरवावे; शेजाऱ्याच्या गाडीला काही झाले नाही, हा पुरावा नव्हे. दर दोन वर्षांनी टायमिंग बेल्ट बदलायला लावणारे वर्कशॉपही असतात आणि त्यांच्यामुळे मालकांचा विश्वास उडाला असेल तर तो राग रास्त आहे. चांगला बसवलेला, तेल न लागलेला बेल्ट दोन वर्षांत बदलण्याचे कारण नाही. पण जास्त सांगणाऱ्याला उत्तर म्हणून काहीच न करणे हा मार्ग नव्हे. दोन वर्षे आणि वीस वर्षे यांच्यामध्ये योग्य मुदत आहे आणि ती ठरवता येते.

सोलापुरातल्या जुन्या मोटारीसाठी ती मुदत अशी धरावी. टायमिंग बेल्ट पाच वर्षे, किंवा पुस्तिकेत दिलेले किलोमीटर, यांतले आधी येईल ते. पुस्तिकेत पाचांहून कमी वर्षे दिली असतील तर तेवढीच. बाहेरचा बेल्ट दर सहा महिन्यांनी पाहावा, मधोमध अंगठ्याने दाबून साधारण १० मिलिमीटर खाली जातो का ते बघावे, आणि तीन-चार वर्षांत बदलावा. काढलेला, वापरण्यासारखा उरलेला बेल्ट डिकीत ठेवावा. जुनी गाडी विकत घेतली आणि बेल्ट बदलल्याचे बिल नसेल, तर बेल्ट बदललेला नाही असेच समजावे. दलालाच्या तोंडच्या शब्दाला तारीख नसते. मीटर मागे फिरवता येतो, म्हणून त्याच्या आकड्यावरूनही काही ठरवू नये.

या पाच वर्षांना सरकारी वेळापत्रकाचा आधार आपसूक मिळतो. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले होते. आरटीओच्या तपासणीत ब्रेक, दिवे, धूर पाहतात. टायमिंगचे झाकण कोणी उघडत नाही. एमएच-१३ क्रमांकाची गाडी आणखी पाच वर्षे चालवायची असे ठरवून मालक हे शुल्क भरतो, तेव्हाच बेल्टही बदलला तर पुढच्या नूतनीकरणापर्यंत तारीख वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही.

काम करताना एकटा बेल्ट बदलणे ही अर्धी दुरुस्ती आहे. बेल्ट अनेकदा स्वतःहून तुटत नाही. बेल्टला ताण देणाऱ्या टेन्शनरचे किंवा त्याला वाट देणाऱ्या आयडलरचे बेअरिंग जाम होते आणि ते बेल्टला जाळते. म्हणून टेन्शनर आणि आयडलर सोबत बदलावेत. वॉटर पंप टायमिंग बेल्टवर फिरत असेल, जसा १.५ डिझेल डस्टरमध्ये, तर तोही. कॅम आणि क्रँकच्या ऑइल सीलमधून तेल झिरपत असेल तर सील आधी, कारण तेल लागलेला नवा बेल्टही लवकर फुगतो आणि त्याचे दाते सुटतात. नवा बेल्ट घडी घालून, उलटा वळवून किंवा मुठीत आवळून आणू नये. आतले काचतंतू तिथेच मोडतात आणि बाहेर खूणही दिसत नाही. पुलीवर चढेना म्हणून स्क्रूड्रायव्हरने रेटू नये. टेन्शनर आपोआप ताण देणारा नसेल, तर दोन पुलींमधला लांब पट्टा दोन बोटांत धरून सुमारे ९० अंश पिळता येतो का, ही जुनी चाचणी अजून कामाची आहे. कॅम आणि क्रँकच्या पुलींवरच्या खुणा जुळवून झाल्यावर किल्ली फिरवण्याआधी पान्याने क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावा. खुणा पुन्हा तंतोतंत जुळल्या आणि कुठे अडले नाही, तरच स्टार्टर मारावा. मालकाने त्या वेळी तिथे उभे राहून हे दोन फेरे पाहावेत. चांगला मेकॅनिक त्याला हरकत घेत नाही.

झाकण बसले, सगळे बोल्ट लागले, की त्यावर पक्क्या शाईने तारीख, मीटरचा आकडा आणि पुढच्या बदलाचे वर्ष लिहावे, आणि जुना बेल्ट मालकाने घरी न्यावा. तो उलटा वळवून पाहिला की दातांच्या मुळाशी चिरा आहेत की नाहीत ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.